बाहेर जाणाऱ्या गाड्यांची मोजणी

माझी ताई रविवारी संध्याकाळी घरी पोचली. चालत, आईच्या बदलून आणलेल्या चपला पिशवीत घेऊन, जराशी वाळलेली पण धडधाकट. असं काही झालेलं नाही, हे आता लक्षात ठेवावं. आमच्या विभागात असंच करतात. काय झालं ते आधी ऐकून घ्यायचं, मग ते झालंच नाही असं धरून कामाला लागायचं. तर ताई अजून घरी यायची आहे.

मी नगररचना विभागात कनिष्ठ सहायक आहे. आमच्या खोलीत तीन टेबलं आहेत, आणि एक पंखा आहे जो फक्त साहेबांकडे मान वळवतो. भिंतीवर शहराचा नकाशा आहे. त्यावर कधीतरी कोणाचा तरी चहा सांडला, तो डाग आता 'प्रस्तावित तलाव' म्हणून ओळखला जातो. त्याच्या काठची जमीन महाग आहे.

नव्या व्यापारी संकुलांचा नियम याच खोलीत झाला. त्याआधी दुकानांचं एखादं मोठं संकुल उभं राहिलं की त्याच्यामागे अख्खं गाव गाड्या घेऊन धावायचं आणि चौकात हॉर्न वाजवत बसायचं. म्हणून ठरलं, की नव्या संकुलाकडे होणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्यांना मर्यादा घालायची. मालकाने बस सोडाव्या, पदपथ बांधावा, सायकली ठेवायला जागा द्यावी, काहीही करावं, पण फेऱ्या मर्यादेत ठेवाव्या. नाहीतर भोगवटा प्रमाणपत्र रद्द, दुकानांना टाळं. नियम चांगला होता, असं मी आजही म्हणतो. आज मी जिथे बसलोय तिथून हे म्हणायला मन जरा मोठं लागतं.

प्रश्न मोजायचा होता. मंजुरी एकाच मोजणी यंत्राची आली. ते आत येणाऱ्या फाटकावर लावावं की बाहेर जाणाऱ्या, यावर मी टिपणी लिहायला घेतली, तेवढ्यात साहेब म्हणाले, "बाहेरच्यावर लाव."

"आणि आत येणाऱ्या गाड्या?"

"आत आलेली गाडी बाहेर जातेच. नाहीतर जाणार कुठे?"

साहेबांचा सगळा कारभार असाच शेवटाकडून चालतो. आमच्याकडे हजेरीसुद्धा संध्याकाळी निघताना लावतात. आलाच नसेल तो माणूस निघेल कसा, असा त्यांचा सवाल असतो, आणि आजवर त्यांना उत्तर कोणी दिलेलं नाही. यंत्र बाहेरच्या फाटकावर लागलं.

मग वरून तपासनीस आले. त्यांना बेरीज हवी होती. माणसं कशाने आली आणि कशाने गेली, दोन्ही रकाने जुळले पाहिजेत. त्यासाठी मनगटावर पट्ट्या आल्या. पायी आलेल्याला हिरवी, बसने आलेल्याला पिवळी, गाडीतून आलेल्याला लाल. जो जसा आला तसाच गेला पाहिजे, नाहीतर रकाने जुळत नाहीत, मग खुलासा लिहावा लागतो, आणि खुलासा लिहायची वेळ आली की आमच्याकडे माणसं आजारी पडतात.

संकुल उघडलं. पहिल्या महिन्यात आकडा मर्यादेच्या नाकापर्यंत गेला. व्यवस्थापक साहेबांना भेटायला आला. हळू आवाजात बोलणारा, बूट चकचकीत असलेला माणूस. बसने आला होता, आणि तिकीट आम्हाला दिसेल असं खिशातून अर्धं बाहेर ठेवलं होतं.

"आम्ही उपाययोजना करतोय," तो म्हणाला.

"म्हणजे काय करताय?" मी विचारलं.

"गाडीने आलेल्यांना आम्ही घाई करत नाही."

साहेबांना हे वाक्य फार आवडलं. त्यांनी ते मला लिहून घ्यायला सांगितलं.

त्यानंतर आकडा उतरायला लागला. बेसमेंटचा जिना उतरावा तसा, एकेक पायरी. साहेबांनी आलेख रंगीत करून भिंतीवर लावला. दुसऱ्या गावांहून माणसं तो बघायला येऊ लागली. शून्य आलं त्या दिवशी साहेब म्हणाले, "आपण गाड्या थांबवल्या." ते अगदी खरं होतं.

ताई गेली ती मागच्या शनिवारी. आईच्या चपला एक नंबर लहान निघाल्या, त्या बदलून आणायच्या होत्या. मी म्हटलं, "बसने जा की. आपल्या गल्लीच्या तोंडावरून जाते."

"बस तुझ्या नियमासाठी आहे," ताई म्हणाली. "मी चपलांसाठी चाललेय." आणि गाडी घेऊन गेली.

संध्याकाळी तिचा फोन आला. "रांग आहे रे. बाहेरच्या फाटकाचा दांडा वरच जात नाहीये. पाटीवर येतंय, आजची मर्यादा पूर्ण झाली, कृपया वाट पाहा."

"गाडी तिथेच टाक आणि चालत ये."

"हातात लाल पट्टी आहे ना. शिट्टीमामा सोडत नाही."

"हा कोण?"

"दारावरचा रखवालदार. बोलत नाही, नुसती शिट्टी वाजवतो. एक म्हणजे थांबा. दोन म्हणजे पुढे सरका. आम्हाला आता समजतं."

"आता म्हणजे कधीपासून?"

"दुपारपासून," ताई म्हणाली. "हुशार आहोत आम्ही."

"ताई, पट्टी काप आणि नीघ."

मागे कोणाची तरी गाडी बंद झाल्याचा आवाज आला, मग दुसरी. "कापलेल्यांना चौथ्या बेसमेंटला नेतात म्हणे."

"बेसमेंट तीनच आहेत. नकाशा माझ्या टेबलावरून गेलाय."

"ठोंब्या," ताई हळूच म्हणाली, "चौथा आहे."

आईला मी सांगितलं की रांग आहे. आई म्हणाली, "तुझ्याच ऑफिसचं ना ते? मग उघड की." आईला सरकारी कामाची इतकी साधी कल्पना आहे की तिच्याशी वाद घालता येत नाही.

सोमवारी मी साहेबांना गाठलं. "साहेब, माझी बहीण संकुलात आहे."

"छान. गर्दी असली की संकुल चालतं."

"ती बाहेर येऊ शकत नाहीये."

साहेबांनी चष्मा काढला. "येऊ शकत नाही, की आलेली नाही? आलेली नाही ही माहिती झाली. येऊ शकत नाही हे मत झालं. मत फायलीला लावत नाहीत."

"निदान पोलिसांना कळवू या."

"कळवलंय. कोणीतरी तक्रार केली होती. पोलीस आत गेलेत."

"कसे गेले?"

"गाडीने," साहेब म्हणाले, आणि पंख्याने त्यांच्याकडे बघितलं.

ताईचे फोन येत राहिले. आधी ती चिडलेली असायची, ते बरं वाटायचं. मग चिडणं कमी झालं. संकुलाने चादरी वाटल्या, रंग बरा आहे म्हणाली. मग म्हणाली, बेसमेंटमधल्या आमच्या खांबाला पाणी वेळेवर येतं, पलीकडच्या खांबाला नाही. गुरुवारी तिने सांगितलं की खांबाची कमिटी झाली आणि तिला सचिव केलंय. मी म्हटलं, ताई, तू तिथे चपला बदलायला गेली होतीस. ती म्हणाली, "ते झालं रे, पण आमच्याकडे कचऱ्याचा प्रश्न गंभीर आहे." आमच्याकडे, असं म्हणाली.

शुक्रवारी माझ्या टेबलावर संकुलाचा अर्ज आला. तिन्ही बेसमेंटना निवासी वापराची परवानगी मिळावी. कारण असं दिलं होतं, की तिथे आजमितीस माणसं राहतातच. माणूस जिथे खरेदी करतो तिथेच राहिला तर त्याला गाडी काढावीच लागत नाही, आणि आमच्याच नियमात अशा संकुलाला सवलत आहे. निर्णय सोमवारी. तो झाला की आत असलेल्यांचे पत्ते सगळीकडे बदलणार होते. ताईचा पत्ता, बेसमेंट तीन, पाचवा खांब. आणि रहिवाशाला बाहेर पडायचा हक्क नियमात कुठेच नाही, कारण रहिवासी आधीच घरी असतो.

मी फायलीवर लिहिलं, हरकत आहे.

साहेबांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत, उलट खुर्ची दिली, म्हणून मी घाबरलो. "तुझी बहीण आत आहे ना?"

"हो."

"मग तुला हरकत घेता येत नाही. हितसंबंध येतो." त्यांनी माझ्या शेऱ्यावर एक सरळ रेघ ओढली. फूटपट्टी लावून ओढली.

"आणि ती आत नसती तर?"

"तर घेता आली असती. तुझी हरकत आली तर अर्ज पडलाच. पण सोमवारी दुपारपर्यंत शेरा नाही आला तर हरकत नाही असं समजण्यात येईल." साहेबांनी फाईल बंद केली. "व्यवस्थापक तुझी आठवण काढत होता. म्हणाला, त्यांना म्हणावं एकदा येऊन जा. गाडीने."

म्हणजे सोमवारी दुपारच्या आत ताईला बाहेर काढायचं आणि हरकत लिहायची, एवढंच करायचं होतं. मला तर ते सोपं वाटलं.

रविवारी जेवून मी चालत निघालो. आमच्या नियमाने बांधलेला पदपथ शहरातला सर्वांत सुंदर पदपथ आहे. रुंद, सपाट, दोन्ही बाजूंना फुलं, बसायला बाक. त्यावर मी एकटा होतो. शेजारच्या रस्त्याने गाड्या संकुलाकडे चालल्या होत्या, आरामात, एकामागे एक. समोरच्या बाजूने, संकुलाकडून येणारा रस्ता पूर्ण मोकळा होता. त्यावर एक कुत्रं मधोमध झोपलं होतं आणि त्याला कसलीही काळजी नव्हती.

फाटकावरच्या मुलीने हिरवी पट्टी काढली. "सैल बांधा," मी म्हटलं, "मला घट्ट सोसत नाही."

"सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली, पण सैल बांधली.

पहिल्या बेसमेंटमध्ये माणसं अजून गाडीत सरळ बसली होती, हात स्टिअरिंगवर, आता दांडा उघडेल अशा बेताने. दुसऱ्यात सीटा मागे पडल्या होत्या. तिसऱ्यात काचांना पडदे होते, आरशापासून आरशापर्यंत दोऱ्या, त्यावर कपडे वाळत. नंबरप्लेटवर आडनावं चिकटवलेली, खाली पायपुसणी. पोलिसांची गाडीही होती. एक पोलीस तिच्या आरशात बघून दाढी करत होता.

"तपास कुठवर आला?" मी विचारलं.

"चालू आहे," तो म्हणाला. "हलू नका, उजेड अडतोय."

पाचव्या खांबाशी ताई एका काकांशी भांडत होती. काका म्हणत होते, आम्ही आधी आलो, भिंतीकडची जागा आमची. ताई म्हणत होती, जागा चिठ्ठ्या टाकून ठरली आहे, आणि तुमच्या गाडीचा अलार्म पहाटे वाजतो त्याचं काय ते आधी सांगा. मला बघून ती थांबली. चेहरा पांढरा पडला होता, उन्हात न गेलेल्या माणसाचा पडतो तसा.

"तू गाडीने आलास?" तिने विचारलं. आवाज एकदम बारीक झाला.

"चालत." मी हात वर केला.

ती हिरव्या पट्टीकडे बघत राहिली. आजूबाजूच्या दोन-चार पडद्यांच्या फटींतूनही कोणीतरी बघत होतं. ताईने मला ओढून गाडीत घेतलं आणि दार लावलं. मागच्या सीटवर चादरीची व्यवस्थित घडी होती. डॅशबोर्डवर चपलांचा खोका.

"आई कशी आहे?"

"चपला राहू दे, पोरीला आण म्हणाली."

ताई हसली आणि मग जरा वेळ खिडकीकडे तोंड करून बसली. मी सगळं सांगितलं. सोमवार, पत्ते, हरकत. "तू माझी पट्टी घाल आणि जा. एक पायी आला, एक पायी गेला. रकाने जुळतात."

"आणि तू?"

"मी विभागाचा माणूस आहे. ओळखपत्र दाखवतो, पाच मिनिटांत तुझ्या मागे येतो."

"ठोंब्या, तुला लहानपणी लपाछपीत आम्ही कपाटात विसरलो होतो. तू आतून ओरडलासुद्धा नाहीस. म्हणालास, डाव अजून संपला नव्हता."

"मग तेव्हाही मी नियम पाळलाच ना."

तिने लाल पट्टी काढायला हाताला क्रीम चोळलं. पट्टी निघताना बोटांवरची कातडी सोलली. माझी हिरवी सहज उतरली आणि तिच्या मनगटाला बरोबर बसली. लाल मात्र माझ्या हातात शिरेना. अंगठ्याच्या हाडापाशी अडली. क्रीम लावलं, ओढली, फिरवली. ताईचं मनगट लहान आहे, हे मला इतकी वर्षं माहीत होतं, पण या कामासाठी ते कधी आठवायची गरज पडली नव्हती.

"खिशात ठेव," ताई म्हणाली. "विचारलं तर दाखव." मग दार उघडता उघडता थांबली. "ऐक. एक शिट्टी, थांबा. दोन, पुढे सरका."

"सांगितलंयस."

"लांब वाजली की काचा वर घ्यायच्या. आणि बघायचं नाही."

"कशाकडे?"

ताईने खोका उचलला आणि गेली. मी आरशातून बघितलं. जिन्याशी शिट्टीमामा उभा होता. तिने मनगट पुढे केलं. दोन शिट्ट्या झाल्या. ताई पुढे सरकली, जिना चढली, आणि तिच्या टाचा दिसेनाशा झाल्या.

पाच मिनिटांनी मी त्याच्यापुढे ओळखपत्र धरलं. शिट्टीमामाने ते वाचलं. माझा फोटो बघितला, मला बघितलं, मग माझं रिकामं मनगट बघितलं. एक शिट्टी वाजवली. मी लाल पट्टी खिशातून काढून दाखवली. त्याने ती घेतली, बोटांत धरून ताणली, माझ्या मनगटाच्या शेजारी धरली आणि जाडी ताडून बघितली. मग पट्टी स्वतःच्या खिशात टाकली आणि पुन्हा एक शिट्टी वाजवली. मी गाडीत परतलो.

संध्याकाळी ताईचा फोन आला. पोचली होती. आईने चपला घालून पाहिल्या, अजून एक नंबर मोठ्या हव्या होत्या. मागून आई म्हणत होती, त्याला सांग, तो तिथेच आहे तर.

सोमवारी सकाळी ताई आमच्या कार्यालयात गेली. साहेबांसमोर उभी राहिली, म्हणाली, मी बाहेर आले, आता भावाला सोडा आणि त्याची हरकत लिहून घ्या. साहेबांनी नोंद मागवली. रविवारी एक पायी इसम आत गेला, एक पायी इसम बाहेर आला, दोन्ही रकाने जुळत होते. लाल रकान्यातून कोणीही बाहेर आलेलं नव्हतं.

"आपण आलेल्याच नाही," साहेब तिला म्हणाले. समजुतीने म्हणाले, पाणीसुद्धा विचारलं. "आपण बेसमेंट तीनमध्ये आहात. आणि आपले बंधू बाहेर गेलेले आहेत. ते कामावर का आले नाहीत, हे उलट आम्ही तुम्हाला विचारायला हवं."

दुपारपर्यंत माझ्या टेबलावरून शेरा गेला नाही. हरकत नाही असं समजण्यात आलं. वर बहुतेक टाळ्या वाजल्या असाव्यात, कारण छताच्या नळांतून काहीतरी धडधडलं आणि पाचव्या खांबाला पाणी आलं. काकांनी माझ्या नंबरप्लेटवर आडनाव चिकटवून दिलं. भिंतीकडची जागा त्यांनीच घेतली, मी भांडलो नाही. सचिवपद मात्र वारसाने माझ्याकडे आलं आहे, त्यामुळे कागद आणि पेन मिळतं.

साहेबांचं हे सगळं ताईने फोनवर सांगितलं, पण फोन आता लागत नाही. ज्यांच्या हातात लाल पट्टी आहे त्यांची आज मोजणी चालू आहे, पहिल्या बेसमेंटपासून. एक शिट्टी, दोन शिट्ट्या, गाडीमागून गाडी, शांतपणे. बिनपट्टीच्या माणसासाठी कोणती वाजवतात हे कमिटीत विचारलं, तेव्हा सगळ्यांना एकदम कचऱ्याचा प्रश्न आठवला. हे लिहीत असताना आमच्या जिन्याशी एक लांब शिट्टी झाली. पडदे ओढले गेले. पोलिसाने दाढी अर्धी ठेवून काच वर घेतली. मीही घेतली आहे. पावलं भिंतीच्या बाजूने येत आहेत, आणि येत आहेत ती वरून नाही, खालून.

म्हणून थोडक्यात लिहितो.

प्रति, फेरी परवानगी कक्ष, नगररचना विभाग. हा कक्ष म्हणजे खिडकीजवळचं तिसरं टेबल, त्यावर मी बसतो, दुसरं कोणी बसत नाही. संकुलाच्या अर्जावर शेरा आला नाही तर हरकत नाही असं समजतात. माणसाच्या अर्जावर शेरा आला नाही तर अर्जच आला नाही असं समजतात. तरी विनंती, की सदर संकुलाच्या बाहेरच्या फाटकातून एका गाडीची एक फेरी, आजच्या मर्यादेच्या वर, अपवाद म्हणून मंजूर करण्यात यावी. गाडी माझ्या बहिणीच्या नावे आहे, जी नोंदीप्रमाणे आत आहे. चालवणारा मी, जो नोंदीप्रमाणे बाहेर आहे. फेरी एकच असेल, आणि ती पुन्हा आत आणली जाणार नाही याची हमी अर्जदार देत आहे. हा अर्ज अर्जदाराने कक्षात समक्ष येऊन, अर्जदाराच्याच सहीने मंजूर करून घ्यायचा आहे. त्यासाठी अर्जदाराला कक्षापर्यंत येण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.